आधी डिस्क, मग प्लेअर

डिस्कचे दिवस संपले, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, पाठोपाठ बाकीचे आले, आणि घरातला डीव्हीडी प्लेअर मी भंगारात काढला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेव्हा एवढंच विचारलं, "आणि ह्या डिस्क?" मोझर बेअरच्या स्वस्त डीव्हीडींपासून परदेशातून कुणाकुणाकडून मागवलेल्या संचांपर्यंतचा त्यांचा साठा बुटांच्या तीन खोक्यांत नीट लावलेला होता. मी म्हटलं, "अण्णा, आता सगळं टीव्हीवरच मिळतं." ते काही बोलले नाहीत. खोकी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले.

ते वाक्य मी आज मागे घेते.

सगळं मिळत नाही. जे मिळतं तेही हक्कांचा करार असेपर्यंतच. रविवारी बघू म्हणून यादीत घालून ठेवलेला सिनेमा रविवारी नाहीसा झालेला असतो, हे अण्णांसमोर एकदा नव्हे, तीनदा घडलं. तरीही मी म्हणत राहिले की दुसरं काहीतरी बघू.

मग न्यू जर्सीहून भाची आली. "आत्या, हे आजोबांसाठी," म्हणत तिने अण्णांच्या हातात अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीचा, सत्यजित राय यांच्या अपूत्रयीचा ब्लू-रे संच ठेवला. या संचामागची गोष्ट अण्णांना पाठ होती. १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेत आग लागली आणि सत्यजित राय यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. उरलेले जळके, ठिसूळ तुकडे अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहालयाने फेकून न देता जपून ठेवले. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या फिती पुन्हा लवचिक केल्या, फाटलेल्या कडा हाताने सांधल्या आणि जिथे मूळ फीत वाचवता येणं शक्यच नव्हतं तिथे इतरत्र जपलेल्या प्रती वापरल्या. २०१५मध्ये हा नवा अवतार लोकांसमोर आला. अण्णा तो संच उलटसुलट करून बघत होते, आणि तो लावायला घरात यंत्र नव्हतं.

मी त्याच आठवड्यात दुकानात गेले. विक्रेता म्हणाला, "मॅडम, घ्यायचाच तर फोर-के घ्या, पुढची दहा वर्षं बघायला नको." किंमत दणदणीत होती, पण अण्णांसाठी घ्यायचं तर सगळ्यात चांगलं, या भावनेने घेतला. घरी आणला, जोडला, संचातली 'पथेर पांचाली'ची डिस्क आत सरकवली. पडद्यावर सूचना आली: ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही. अण्णांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "राहू दे गं."

ब्लू-रेचे जगात तीन विभाग पाडलेले आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. अमेरिका आणि जपान 'ए'मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया 'बी'मध्ये, भारत, चीन, रशिया 'सी'मध्ये. वेगवेगळ्या देशांत सिनेमा वेगवेगळ्या वेळी विकता यावा म्हणून कंपन्यांनी घातलेलं हे कुलूप. डीव्हीडीची विभागणी आणखी निराळी: अमेरिका १, भारत ५. फोर-के डिस्कना हे कुलूप नसतं, म्हणून विक्रेत्याला ते आठवलंही नसेल. पण माझ्या हातात साधी ब्लू-रे होती, आणि कोणत्या डिस्क लावणार हे मी दुकानात बोललेच नव्हते. खोकं उघडल्यामुळे प्लेअर परत घेतला गेला नाही. ओळखीतल्या एकांना तो कमी किमतीत दिला आणि सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा साधा फुल एचडी ब्लू-रे प्लेअर घेतला.

आता मला वाटतं की आमच्या घरासाठी तोच योग्य होता. आमचा टीव्ही ४३ इंची आणि सोफा त्याच्यापासून दहा फुटांवर. एवढ्या अंतरावरून फुल एचडीचे ठिपके डोळ्यांना सुटे दिसतच नाहीत, मग चौपट ठिपक्यांचा उपयोग काय? ज्यांचा पडदा मोठा आहे आणि जे जवळून बघतात, त्यांनी फोर-के जरूर घ्यावा. आकडे मीही वाचले. एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, एकपदरी ब्लू-रेत २५ आणि दुपदरीत ५०. ब्लू-रेवरून चित्राची माहिती सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत येऊ शकते. फोर-के स्ट्रीमिंगसाठी मात्र साधारण १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं धरतात. पडद्यावरचा आकडा मोठा म्हणजे चित्र भरीव, हा माझा समज इथे मोडला.

तो डोळ्यांदेखत मोडला 'पथेर पांचाली'तल्या पावसाआधीच्या दृश्यात. तळ्याच्या पाण्यावर किडे सरकत जातात, कमळाची पानं हलतात. हेच दृश्य मी पूर्वी इंटरनेटवरच्या कुठल्याशा प्रतीत पाहिलं होतं, तिथे ते पाणी म्हणजे राखाडी चिखल होता. आता किड्यांचे पाय टेकतात तिथे पाण्याला पडणारा बारीकसा खळगा दिसत होता. पुढे वादळाच्या रात्री दुर्गा तापाने फणफणलेली असते, तेव्हाचा काळोख चौकोनी तुकड्यांत फुटला नाही. त्याच्यावर फिल्मचा रवा तसाच थरथरत राहिला. अण्णा पुढे सरकून बसले होते. "फिल्म दिसतेय," ते म्हणाले, आणि नंतर सिनेमा संपेपर्यंत कुणीच बोललं नाही.

बुटांची तिन्ही खोकी आता पुन्हा टीव्हीखाली आहेत. नवे प्लेअर काढणं सॅमसंगने २०१९मध्येच थांबवलं, त्याआधी ओप्पोनेही या धंद्यातून अंग काढून घेतलं. दुकानांत निवड कमी होत चालली आहे. तेव्हा घ्यायचा असेल तर फार थांबू नका. आणि जाताना घरातल्या दोन-तीन डिस्क पिशवीत घाला, त्यातली एक तरी परदेशातून आलेली असू द्या. पैसे देण्याआधी त्या दुकानातच लावून बघा.