गोळ्या चुकवल्या म्हणून?

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडे कुणाचा टीबी औषधाला दाद देईना, की पहिला प्रश्न ठरलेला : "गोळ्या चुकवल्या का?" बोधन, निजामाबाद, हैदराबादकडे कामाला गेलेल्याच्या गोळ्या कधी खरंच चुकतात. अर्धवट औषधाने नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. पण प्रत्येकाची कथा हीच नसते; ते जंतूची जनुके वाचून कळते.

*

क्षयाच्या जंतूचा पूर्ण जनुकसंच १९९८मध्ये वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरे. त्यातले एक बदलले तरी औषध निकामी होऊ शकते. सीबीनॅट यंत्र त्यातला ८१ अक्षरांचा एक तुकडा तपासून दोनेक तासांत रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध चालेल की नाही ते सांगते. गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट तर बॅटरीवर चालते. लहान गावांसाठी ही फार मोलाची सोय.

इतर अनेक औषधांसाठी जंतू वाढवून पाहावा लागतो. तो दिवसाला जेमतेम एकदा दुभंगतो. अहवालाला आठवडे लागतात. तोवर चुकीचे औषध पोटात जात राहते.

*

जनुकसंचाच्या वाचनाचा दुसरा उपयोग मला अधिक मोठा वाटतो. क्षयाच्या जंतूत वर्षाला सरासरी अर्धेच अक्षर बदलते. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच अक्षरांपर्यंत फरक असेल, तर लागण अलीकडच्या एकाच साखळीतली असावी. बाराहून जास्त असेल, तर थेट संबंध बहुधा नाही.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने जर्मन संशोधकांसह मुंबई महानगरातले असे शेकडो जंतू वाचले. २०२२मध्ये निष्कर्ष आला : एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या, रुग्णांत फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांनाही न जुमानणारा टीबी तिथे मुख्यतः एकाच वंशाच्या काही प्रबळ शाखांमुळे वाढतो आहे. म्हणजे अनेकांना मिळाला तो जंतूच आधीपासून निगरगट्ट. त्यांच्या गोळ्या चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

हे आशाताईंना, घरच्यांना, सासरच्यांना कुणीतरी नीट सांगायला हवे. आजारी माणसावर दोष ठेवला की तो खोकला लपवतो.

*

थुंकीतूनच, जंतू न वाढवता, औषधांशी निगडित जनुके वाचायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत घेतली. नांदेडजवळ विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती रोजच्या कामाची व्हावी. बिलोलीच्या नमुन्याने मुंबई-पुण्याची वाट का पाहावी?

*

अहवाल वेळेत मिळणे घरातल्या मुलांसाठीही महत्त्वाचे. लहान मुलांना बेडका सहसा काढता येत नाही, आला तरी त्यात जंतू थोडे. त्यामुळे एमडीआर झालेल्या बापाच्या मुलाला टीबी झाला, तर बहुधा बापाच्या जंतूचा अहवाल पाहूनच मुलाची औषधे ठरवतात.