ट्रेलरला भोक

मागच्या वर्षी मार्चमध्ये दुर्बीण विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. टाकायचा धीर तेवढा होत नव्हता. कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, वीस पौंडांच्या वर काही उचलायचं नाही. आणि माझं नुसतं माउंटच चाळीस पौंडांचं! शिवाय तिपाई, वजनं, बॅटरी...

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथल्या उजेडात दीर्घिकांचे फोटो काढणं म्हणजे थट्टाच. म्हणून साडेचार-पाच तास गाडी हाकत पेनसिल्व्हेनियातल्या चेरी स्प्रिंग्जला जायचं. २००८ साली डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालेली ही जागा. निरीक्षणाच्या मैदानावर पांढरा दिवा लावलेला चालत नाही. तिथे सगळं उतरवायचं, जोडायचं आणि माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करायचा. आपण ध्रुवाला अढळ म्हणतो, पण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्तच सरकलेला आहे, त्यामुळे नुसता त्याच्यावर नेम धरून भागत नाही.

"मग सगळं जोडूनच ने की चाकांवर," बायको म्हणाली. जाहिरात राहिली बाजूला.

चार बाय आठ फुटांचा जुना ट्रेलर घेतला. प्लायवूडची फरशी, बिजागऱ्यांवर खाली पडणाऱ्या भिंती, मधोमध आठ इंची लोखंडी पाइपचा खांब, त्यावर माउंट. जड कामं शेजारच्या पोरांनी केली, मी फक्त हुकूम सोडले. ऑगस्टमध्ये थाटात निघालो. आणि पहिल्या रात्रीचा एकूण एक फोटो वाया! तारे कसले, तांदळाचे दाणे. मी ट्रेलरमध्ये पाऊल टाकलं की डोलायचा, वाऱ्याची झुळूक आली की डोलायचा. हिशेब केला तेव्हा कळलं, मीटरभर लांबीच्या नळीचं टोक पाच मायक्रॉन हललं तरी एक विकलेचा फरक पडतो. केसाची जाडी याच्या दसपट तरी असेल. आणि आमचा ट्रेलर स्प्रिंगांवर!

चार कोपऱ्यांना जॅक लावून पाहिले. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. कंबर पुन्हा दुखायला लागली ती वेगळीच. जाहिरात पुन्हा उघडली.

त्या रविवारी कोल्हापूरला दादाशी बोलताना रडगाणं गायलो. दादाचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं. म्हणाला, "अरे, पॉवर हॅमरचा पाया आम्ही शेडच्या फरशीला कधी चिकटवतो का? मधे फट ठेवतो. तू खांब गाडीला बांधलासच कशाला?"

इतकं सोपं! पण घासूनपुसून वार्निश मारलेल्या फरशीला करवत लावायला हात धजेना. दोन दिवस नुसतं बघत बसलो. शेवटी बारा इंची भोक पाडलं. आता प्रवासात खांब फरशीला बोल्टने आवळलेला असतो. तिथे पोचलं की जॅक फिरवून त्याचे तीन पाय जमिनीवर टेकवायचे, बोल्ट सोडायचे. खांब जमिनीचा, फरशी ट्रेलरची. मी आत नाचलो तरी हरकत नाही (नाचत नाही, कंबर!).

ऑक्टोबरात अमावास्येच्या आसपास पुन्हा गेलो. देवयानी दीर्घिका, पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर. पंचवीस लाख वर्षं चालून आलेला उजेड, आणि स्क्रीनवर प्रत्येक तारा टाचणीच्या टोकासारखा गोल. बायको गाडीत झोपली होती, तिला उठवून दाखवलं. पहाटेचे तीन, म्हणजे कोल्हापुरात भर दुपार. दादाला दोन फोटो पाठवले, एक देवयानीचा, एक ट्रेलरचा.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "तारे गोल आहेत. भोक मध्यावर नाही."

मध्यावर खालचा आडवा लोखंडी दांडा येत होता, दादा.