शनवार तेल्यांच्या गावांतून

पेण, गुरुवार

ती. आत्यास,


तुझ्या मैत्रिणीच्या पणजोबांची कबर शोधायला निघालो होतो, पण पेणला आल्यावर काम एका कबरीपुरतं राहिलं नाही. ती पेणकरांची लेक, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. इथे आल्यावर उमगलं की या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींनी गावंच्या गावं आडनावात बांधून नेली आहेत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर... इस्रायलमध्ये आजही ही आडनावं लावतात. एस.टी.च्या पाट्या वाचत गेलं तरी बेने इस्राएलांची निम्मी वंशावळ हाती लागते.

पेणमध्ये त्यांचं बेथ हाएलोहिम हे सिनेगॉग १८६३ सालापासूनचं. गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात एक ज्यू प्रार्थनालय इतकी वर्षं नांदलं, ही गोष्ट शाळेत आपल्याला कुणी सांगितली नाही याचं आता फार वाईट वाटतं.

कोकणात हे लोक घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता ना हिब्रूचं ज्ञान. शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ची प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी धर्म तगवला. दावीद राहाबी नावाच्या गुरूने त्यांना विसरलेले विधी पुन्हा शिकवले, असं ते मानतात. नावं मात्र इथलीच झाली होती. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. फौजेत गेलेले त्यांचे भाऊबंद खूप.

कबरस्तानात गवत कमरेइतकं आहे. हाताने बाजूला सारत एकेक दगड पाहिला. हिब्रू आणि मराठी एकाच शिळेवर, एकाखाली एक. हिब्रू आपल्याला वाचता येत नाही, पण साल काढता येतं. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की बहुतेक आपलं साल मिळतं; ५६२३ म्हणजे १८६३. त्यांचं वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बदलतं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो. फुलांऐवजी कबरीवर खडा ठेवायची त्यांची रीत आहे. पणजोबा अजून सापडले नाहीत; ज्यांची नावं वाचता आली त्यांच्यापाशी तुझ्या मैत्रिणीच्या वतीने खडे ठेवले.

संध्याकाळी बाजारात पेणचे पोहे घेतले. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडताना ही मंडळी मलिदा करतात, तो पोह्यांचाच: ओलं खोबरं, साखर, वर फळं. तुमच्या वाड्यात मैत्रिणीच्या आईने वाटलेला प्रसाद हाच असणार.

तुझा भाचा

रोहा, शनिवार

ती. आत्या,

हे पत्र लहानच. कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी, बेने इस्राएलांचं इथलं जुनं गाव. त्यांच्यात कीर्तनाची परंपरा सुरू करणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर होते, १८८० च्या सुमारास. अब्राहाम, मोशे यांची आख्यानं मराठीत, आपल्याच चालींवर. माणसं हसून, रडून ऐकायची ती भाषा आपली होती. म्हणून त्यांच्या कबरींचे दगड परक्यांचे आहेत असं म्हणणं मला खोटं वाटतं.

१९४८ नंतर ही मंडळी इस्रायलला जाऊ लागली आणि घरं रिकामी होत गेली. तिकडे गेल्यावर ‘हे खरे ज्यू की नाहीत’ असा वाद झाला, जेरुसलेममध्ये निदर्शनं करावी लागली, तेव्हा १९६४ साली सरकारने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानलं. ज्यांच्या वाडवडिलांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांच्यावर ही वेळ यावी, याचा मला अजून राग येतो.

तुझा भाचा

नवगाव, सोमवार

ती. आत्या,

वडखळ, पोयनाड करत अलिबागेला आलो आणि आज किनाऱ्याने थळच्या बाजूला नवगावात. त्यांच्या परंपरेप्रमाणे सारं इथूनच सुरू होतं. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या; वाहून आलेली प्रेतं इथे पुरली, पुरुषांचा ढिगारा वेगळा, बायकांचा वेगळा. हाईम शमुवेल किहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे आगमन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचं धरलं आहे. पुस्तक छापून निघालं १९३७ साली, तेल अवीवला. ते पाहायला किहीमकर नव्हते. काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. २०१६ साली झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतले ज्यू आणि इथले लोक असे दोन्ही पूर्वज दिसले; हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा.

आज इथे स्मारकस्तंभ आहे. मी मात्र त्याच्या आसपासच्या जुन्या कबरींपाशी जास्त वेळ थांबलो. त्यांच्यावर एक अक्षर नाही, नुसते दगड. पेणच्या कोरीव शिळा नुकत्याच पाहिलेल्या, म्हणून हे फार जाणवलं. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून हे लोक पुन्हा हिब्रू शिकले. माझी समजूत अशी की पेणच्या शिळांवरची अक्षरं त्या शिक्षणातून उमटली. अक्षर कोरायला शिकल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांत वाचणारेच निघून गेले. आता त्या शिळांवरचा अर्धा भाग वाचू शकणारे म्हणजे आपण.

आणि घाई आहे. ज्यू धर्मात पुरलेली जागा कायमची त्या माणसाची. ती पुन्हा उकरून दुसऱ्याला देत नाहीत. इकडे २०२४ साली अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबई जवळ आली आहे आणि जमिनीच्या किमतीची बोलणी चहाच्या टपरीवरसुद्धा चालतात. गवताखाली झाकलेल्या जागेची हद्द कोण सांगणार? पाऊसही शिळांवरची अक्षरं झिजवतो आहेच.

म्हणून ठरवलंय की परतताना पेणला पुन्हा उतरायचं. एका हायस्कूलच्या मराठीच्या बाईंशी बोललो आहे. दिवाळीनंतर गवत वाळलं की मुलांना घेऊन दगडागणिक नाव, साल, आडनाव वहीत उतरवायचं, फोटो काढायचे. हिब्रू वाचायला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये विचारणार आहे, तिथे अजून वस्ती आहे. तू मैत्रिणीला एवढंच लिही: पणजोबांचं घरचं नाव कोणतं, सामाजी-हसाजीसारखं ‘जी’ लावलेलं, आणि ते फौजेत होते का. सुभेदार असतील तर शिळेवर हुद्दा कोरलेला असेल, शोधायला सोपं जाईल. उत्तर पेणच्या पत्त्यावर पाठव, तो पाकिटावर लिहिला आहे.

तुझा भाचा