नंबर एकच असू दे

कोपर (पश्चिम)

चि. मनूस,


इंटर्नशिप संपली, आता आरसीआयचा अर्ज भरायचा आहे, हा तुझा निरोप मिळाला. त्याच्याखाली टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र व्हॉट्सॲपवर मावणारं नव्हतं. "आत्या, फिजिओवाल्यांसारखी आपलीही महाराष्ट्रात स्वतंत्र परिषद आणि स्वतंत्र लायसन्स का नको? दिल्लीत बसून आपल्याकडे कोण बघतंय?" तुमच्या बॅचच्या ग्रुपवर यावरून मध्यरात्रीपर्यंत जुंपली होती म्हणे. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचलं तरी चालेल असं लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. नको. आणि हे दिल्लीच्या प्रेमापोटी म्हणत नाही.

तुला मिळणारा आरसीआयचा नोंदणी नंबर आमच्या आधीच्या पिढीला नव्हता. साठच्या दशकात मुंबईच्या नायर हॉस्पिटलात आणि म्हैसूरच्या संस्थेत ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीचं हे आपलं शिक्षण सुरू झालं. 1967 मध्ये 'इशा' ही आपली संघटना निघाली. 1983 च्या ऑगस्टमध्ये बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था उभी राहिली. पण शिकून बाहेर पडलेला माणूस ओळखायचा कसा, याला कायद्याचा आधारच नव्हता. दुकानात कानाचं मशीन विकणारा, फावल्या वेळात मुलांकडून उच्चार घोकून घेणारा आणि रीतसर पदवी घेतलेला, तिघांच्या पाट्या सारख्याच. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपली आरसीआय, 1986 ला निघाली ती साधी नोंदणीकृत संस्था म्हणून. 1992 ला संसदेने कायदा केला आणि 1993 च्या जूनपासून परिषदेला वैधानिक अधिकार आले. पुनर्वसन व्यावसायिक कोणाला म्हणायचं याची त्या कायद्यात यादी आहे, आणि तिच्यात पहिलं नाव आपलं आहे: ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट, दोघं एकाच ओळीत.

त्या कायद्याचं तेरावं कलम एकदा शांतपणे वाच. केंद्रीय नोंदवहीत नाव असलेल्या माणसालाच सरकारी पद धरता येतं, भारतात कुठेही व्यवसाय करता येतो, कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सही करता येते, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. "भारतात कुठेही" हे शब्द तुम्ही पोरं वाचता आणि पुढे जाता. नर्सिंग केलेल्या आपल्या शेजारच्या पोरीला विचार. तिचं नाव राज्याच्या नर्सिंग कौन्सिलात. नवऱ्याची बदली बंगळूरला झाली तेव्हा इथली एनओसी, तिथला अर्ज, तिथली फी आणि मधले घरी बसून काढलेले महिने. तुझी उद्या बदली झाली तर तू तुझी बॅग उचलून जाशील, एवढंच.

तुझी मैत्रीण न्यू जर्सीला गेली ना, तिलाही विचार. तिकडे प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये पेशंट घ्यायचा तर दुसरं. बरं, न्यू जर्सीच्या न्यू जर्सीतही शाळेत काम करायचं तर शिक्षण खात्याचं प्रमाणपत्र, आणि क्लिनिक थाटायचं तर राज्याच्या समितीचं लायसन्स. तेच काम, तेच मूल, पण सकाळी एका खात्याच्या कागदावर आणि संध्याकाळी दुसऱ्या! म्हणून तिथल्या काही राज्यांत आपल्या पेशातले लोक एकच लायसन्स असावं म्हणून झगडतात. राज्याराज्यांनी मिळून एक करारही केला. दहा राज्यांनी कायदा केल्याशिवाय तो लागू होणार नव्हता, आणि ती दहा व्हायला 2021 साल उजाडलं. जे तिथे घासाघीस करून मिळवताहेत ते आपल्याला आयतं मिळालेलं आहे. आयतं मिळालं की त्याची किंमत नसते हे मी तुला सांगायला नको, तू आमच्या घरात धाकटी आहेस.

पण माझं खरं कारण हे सोयीचं नाही. आपण ज्या गोष्टीवर उपचार करतो तिला राज्याच्या हद्दी कळत नाहीत, हे आहे.

कोविडच्या काळात मी व्हिडिओवर थेरपी सुरू केली, ती आजही आहे. त्यातली काही कुटुंबं इथलीच, नोकरीमुळे लांब गेलेली. एक इंदूरला, एक बेळगावला, एक वडोदऱ्याला. मूल घरात मराठी बोलतं, आजी मराठी, गोष्टी मराठी. तिथे त्यांना मराठी येणारा थेरपिस्ट मिळेना म्हणून ती कोपरच्या एका खोलीतल्या माझ्याकडे टिकून राहिली. महाराष्ट्राचं लायसन्स महाराष्ट्रापुरतं झालं असतं तर बेळगावच्या त्या पोराला मी काय सांगितलं असतं, की तुझ्या तोतरेपणाला कर्नाटकातला माणूस शोध? कानाची तपासणी एक वेळ कुठेही होईल, डेसिबल सगळीकडे सारखे. भाषेचं तसं नाही. मराठी बोलणारी माणसं चार-पाच राज्यांत पसरली आहेत. त्यांच्या मागे जायची मोकळीक फक्त या एका नंबरात आहे.

आता याची उलट बाजू. राज्याच्या आत तरी भाषा एक आहे का? तू पुण्यात शिकलीस, म्हणून हे जरा लांबवून सांगते.

कोपर गावातल्या एका आगरी घरातली आजी नातवाला घेऊन आली होती. चार वर्षांचा, चुणचुणीत. बालवाडीतल्या बाईंनी चिठ्ठी दिली होती: उच्चार अस्पष्ट, स्पीच थेरपी घ्यावी. त्याआधी एका ठिकाणी तपासून आणलेला रिपोर्टही होता. त्यात ण च्या जागी न, ळ च्या जागी ल, अशा चुका नीट तक्त्यात मांडलेल्या. मुलगा पानी म्हणत होता, डोला म्हणत होता. मी आजीशीच बोलत बसले. ती म्हणाली, "आमचे घरान सगलीच अशी बोलतान." झालं निदान! मुलाला काहीही झालेलं नव्हतं. तो त्याच्या घरची भाषा चोख बोलत होता. रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे नंबर होता, पदवी होती, सही होती. फक्त आगरी कानावरून गेली नव्हती. त्याच आजीच्या दुसऱ्या नातवाला मी थांबवून घेतलं, कारण तो क च्या जागी ट म्हणत होता, आणि ते आगरीतही चुकीचं आहे.

यावर तुझ्या ग्रुपमधला कोणीतरी म्हणेल, मग राज्याची परीक्षा हवीच, स्थानिक भाषेची. नाही रे बाबांनो. राज्याची परीक्षा प्रमाण मराठीची होईल, आणि ती त्या रिपोर्टवाल्याने पहिल्या वर्गात पास केली असती. दिव्याला उतरणारी भोजपुरी, मुंब्र्याची उर्दू, खाडीकाठची आगरी, हे कुठली परिषद तपासणार? ते काम नोंदवहीचं नाही. नोंदवहीने एवढंच सांगावं की या बाईला कान कसा चालतो, भाषा कशी येते आणि कुठे अडते हे माहीत आहे. तिच्या हातात मूल द्यायला हरकत नाही. बाकीचं आपण स्टेशनच्या जिन्यावर, मासळीबाजारात, आजीच्या शेजारी बसून शिकायचं.

तुम्हा मुलांचा दुसरा वाद ऑडिओलॉजी आणि स्पीच वेगळं करण्याचा. एमएस्सी वेगवेगळी करता येते, मग नोंदणीही वेगळी का नसावी? मोठ्या हॉस्पिटलात हे शोभतं. तिथे लकवा झालेल्याला गिळता येत नाही म्हणून एक जण बघते आणि कॉक्लिअर इम्प्लांटचं मॅपिंग दुसरा करतो. उपनगरात काय होतं ते बघ. आई येते ती "बोलत नाही" म्हणून. कान तिच्या मनातही नसतो, कारण दार आपटलं की पोरगं वळून बघतं. मी पहिल्यांदा कानाची बेरा टेस्ट करून आणायला सांगते आणि आईचा चेहरा पडतो. खरं तर जन्मल्यावर महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे अडीच-तीन वर्षांची मुलं पहिल्यांदा येतात. त्या आईला आणखी दोन दारं, दोन फिया आणि दोन पाट्या दाखवू नका. स्लो लोकलने मूल कडेवर घेऊन आलेली असते ती, फास्ट तर कोपरला थांबतही नाही. एका दारात दोन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत, आणि तुझी पदवी त्यासाठीच जोडून दिलेली आहे.

एवढं सांगूनही दिल्लीवर तुझा जो राग आहे तो मला मान्य आहे. आपल्या कायद्याचा दात किती बोथट आहे पाहा: नोंदणी नसताना व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! महिन्याच्या थेरपीची फीसुद्धा याच्यापेक्षा जास्त होते. आणि तक्रार कोणी करायची? कोपरच्या एखाद्या दुकानात कुणी मोबाइलवरच्या ॲपने कान तपासून आजोबांच्या गळ्यात महागडं मशीन मारलं, तर आजोबांनी दिल्लीला पत्र लिहायचं का?

हे नुसतं फसवणुकीपुरतंही राहत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त तर कर्णबधिर, 60 ते 70 तर ऐकायला कमी येणारा. दहा डेसिबलचा फरक, आणि त्यावर दाखला, सवलत, नोकरीतली राखीव जागा. तो ग्राफ कोणी काढला, मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं, खोलीत पंखा चालू होता का, हे सगळं एका सहीवर भरवसा ठेवून मान्य होतं. 2011 च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांवर माणसांची नोंद ऐकण्याच्या आणि वीस लाखांच्या आसपास माणसांची बोलण्याच्या अपंगत्वाखाली झाली. एवढ्यांच्या दाखल्यांवरच्या सहीची राखण एका राजधानीतून होत नाही.

म्हणून राज्याने काम घ्यावंच, पण नंबर वाटायचं नव्हे. राखणीचं. महापालिका दुकानाचा परवाना बघते, औषधवाल्याकडे फार्मासिस्टचं नाव भिंतीवर आहे का ते एफडीएचा माणूस येऊन बघतो. तसा जिल्ह्यात कोणी एक असावा, ज्याने कानाच्या मशीनचं दुकान आणि थेरपी सेंटर यांच्या भिंतीवरचा नंबर केंद्रीय नोंदवहीशी ताडून पाहावा आणि नसेल तर टाळं लावावं. नोंदवही एक, तिचे पहारेकरी छत्तीस जिल्ह्यांत. हे मागा. यासाठी भांडा.

आपण कोणत्या मंत्रालयाखाली असावं, याबाबतीतही तुमचं बरोबर आहे असं मला वाटतं. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, आहारतज्ज्ञ, ऑप्टोमेट्री अशी मंडळी आरोग्य मंत्रालयाखाली गेली आणि प्रत्येक राज्यात त्यांच्या परिषदेची तरतूद झाली. परिशिष्टात आपण नाही. आपण अजून सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. लकवा झालेला, घोटभर पाणी पिताना ठसका लागणारा माणूस आधी रुग्ण असतो, दिव्यांग नंतर. तो आयसीयूत असतो आणि मी तिथे कोणत्या खात्याची म्हणून जाते हे नर्सलाही कळत नाही. खातं बदलायला माझी ना नाही. फक्त त्या बदलात राज्याराज्यांच्या नोंदवह्यांत आपले तुकडे पडले तर बेळगावच्या पोराचं काय ते आधी लिहून घ्या.

आता तुझ्या अर्जाचं. गुणपत्रिका आणि इंटर्नशिपच्या दाखल्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरश: जुळतंय ना ते बघ, सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात. पाच वर्षांनी नूतनीकरण येतं, त्यासाठी सीआरईचे, म्हणजे पुढे चालू ठेवलेल्या शिक्षणाचे, गुण लागतात. ते शेवटच्या सहा महिन्यांत जमवायला धावू नकोस, दरवर्षी दोन चांगल्या कार्यशाळा कर, ज्यांत खरंच काही शिकवतात. जेवण चांगलं असलेल्या वेगळ्या.

नंबर हातात आला की इकडे ये. माझ्या खोलीत आठवड्यातले दोन दिवस टेबल रिकामं असतं. तुझा नंबर पाटीवर मराठीत मोठा रंगवून घेऊ, नावाआधी डॉक्टर लावायचा नाही, ते आपण नाही. आणि येताना तुझं ऑटोस्कोप आण, माझ्याचा बल्ब गेला आहे.

तुझी,
आत्या