आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत ख्यालीखुशालीच्या आधी पाणी विचारतात. आयर्विनला किती फूट? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ च्या पुढे गेला. व्हॉट्सॲपवर मेसेजलाच अंगठा चिकटवायची सोय तेव्हा नव्हती, ती २०२२ च्या मे महिन्यात आली. तोवर पातळीच्या एका मेसेजखाली 'ओके', 'धन्यवाद' आणि जोडलेल्या हातांची अशी रांग लागायची, की नेमका आकडाच शोधत वर जावं लागे. अशा वेळी अंगठा म्हणजे उपकारच. 'वाचलं' एवढंच कळवायचं असेल तर त्याच्याइतकं मितभाषी दुसरं काही नाही. माझी तक्रार पाणी ओसरल्यानंतरच्या अंगठ्यांबद्दल आहे.

कारण पाणी ओसरलं की प्रश्न वर येतात. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा कराडला कोयनेला घेते आणि सांगलीकडे निघते. साताऱ्याचं पाणी सांगलीच्या उंबऱ्याशी येतं ते असं. १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून विसर्ग कधी आणि किती करायचा, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाचं पाणी कोणत्या उंचीवर धरायचं, पूररेषेत भराव टाकून बांधकामं कुणी उठवली, हा सगळा एकमेकांत अडकलेला गुंता. २०१९ च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात त्याचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. सांगलीतल्या अनेक कार्यकर्त्यांना ते पटलं नाही. कुणाचं खरं, हे ठरवायचं तर तारीखवार पातळ्या, क्युसेकचे आकडे, नदीच्या तळाचा उतार असं बरंच काही समोर मांडावं लागतं. पण 'अलमट्टीनं सांगली बुडवली' एवढी एक ओळ टाका, तिच्याखाली संतापानं लाल झालेले चेहरे गोळा होतात. 'त्या दिवशी अलमट्टीत पाणी किती मीटरवर होतं?' असं कुणी विचारलंच, तर त्याच्या वाट्याला खदखदून हसणारा पिवळा चेहरा येतो. हसणाऱ्यावर उत्तराची जबाबदारी नाही, आणि विचारणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळायला मार्ग नाही. शब्दांनी विरोध केला की मागोमाग कारण द्यावं लागतं, आणि दिलेलं कारण खोडता येतं. वाद पुढे सरकतो तो या खोडाखोडीतून. चेहरा कसा खोडणार?

बरं, हे चेहरे नुसते शोभेचेही नसतात. फेसबुकनं लाइकचं बटण २००९ मध्ये आणलं आणि २०१६ मध्ये त्याच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग दिले. पुढे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं, की काही काळ कंपनीचं यंत्र या नव्या चेहऱ्यांना साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होतं. म्हणजे रागावलेला माणूस नकळत ती पोस्ट आणखी चार घरी पोचवत होता. रागाचं वजन कंपनीनं नंतर शून्यावर आणलं, पण तोवर लिहिणाऱ्यांना काय खपतं ते उमगलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला. त्यामागे बरंच काही असेल, सगळं बटणांच्या माथी मारणं बरोबर नव्हे. पण प्रशासनाला सातारा जिल्ह्याचं इंटरनेटच बंद करावं लागलं. थेट सगळ्यांचं बोलणंच मिटवायचं, यापलीकडचा उपाय त्या घडीला हाताशी नव्हता.

यावर कुणी म्हणेल, सगळ्यांनाच कुठं लिहिता येतं? भावकीच्या ग्रुपवर सासरे, चुलतसासरे बसलेले असताना सुनेनं वाद घालायचा तरी कसा? अंगठा हीच तिची हजेरी. हे मला मान्य आहे, आणि ती हजेरी तुच्छ तर मुळीच नाही. पण ग्रुपमधली कर्ती मंडळी तिला हजेरी मानतच नाहीत, थेट संमतीच्या खात्यात जमा करतात; 'सगळ्यांनी अंगठे दिलेत' म्हणून ठराव पक्का होतो. दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे: उथळ राग काय बटणानं जन्माला घातला? कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा निघाली होती, तेव्हा कुठली बटणं होती? नव्हती. पण त्या तिरडीला बांबू आणावे लागले, खांदे द्यावे लागले, आणि खांदेकरी कोण हे भर रस्त्यात दिसलं. सुधारणेचा वादही त्याच काळात 'केसरी' आणि आगरकरांच्या 'सुधारक'च्या रकान्यांतून मुद्द्याला मुद्दा भिडवत चालला होता. मुख्य म्हणजे तिरडीमागे माणसं किती चालली, यावरून 'सुधारक'चा पुढचा अंक कुणाच्या घरी पडायचा ते ठरत नव्हतं.