लोह्यातील कार्यालय आणि माहितीची तिसरी प्रत

नांदेड जिल्ह्यातील लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेचे वा आडत दुकानाचे सारे हिशेब अनेकदा एकाच संगणकात असतात, आणि त्यांचा बॅकअप, म्हणजे मूळ माहिती गेल्यास वापरायची नक्कल, त्याच टेबलावर पडून असतो, ही खरोखर चिंतेची बाब होय. 30 सप्टेंबर 1993 रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. अशा आपत्तीत एकाच छताखालची मूळ प्रत व नक्कल एकदमच नष्ट होऊ शकतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक नांदेडला ठेवावी; सतत जोडलेली डिस्क मात्र रॅन्समवेअरच्या, म्हणजे फायली बंदिस्त करून खंडणी मागणाऱ्या प्रणालीच्या, तडाख्यातून सुटत नाही. संस्थाचालकांनी दरमहा नांदेडच्या प्रतीवरून खातेवही पुन्हा उघडून पाहावी.