स्प्रिंग बसली, पण गोळ्यांचं काय?

लासूर स्टेशनला कुणाची अँजिओप्लास्टी झाली, की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘कितीची बसवली?’’ स्टेंटला आमच्याकडे सरळ ‘स्प्रिंग’ म्हणतात. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या मोठ्या काकांना, अटॅकनंतर संभाजीनगरला ती बसवली आणि महिनाभर घरात दुसरा विषय नाही. देशी की फॉरेन? शेजारच्यांच्या जावयाला कितीची?

खरं तर किमतीचं टेन्शन फेब्रुवारी २०१७ मध्येच बरंच हलकं झालं. सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली. पण स्प्रिंग ज्या गोळ्यांच्या भरवशावर असते, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही!

चौथ्या महिन्यात नाना फोनवर सहज म्हणाले, ‘‘अगं, दाढ काढायचीय. रक्त पातळ करायच्या गोळ्या उद्यापासून बंद. तसंही आता काही दुखत नाही.’’

‘‘नाना, बंद करायला कुणी सांगितलं?’’

‘‘मार्केटात एक जण म्हणाला.’’

कांद्याच्या लिलावात मिळालेला मेडिकल सल्ला! माझ्या पोटात गोळाच आला.

भानगड अशी आहे. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसलेली परकी धातूची जाळी. रक्तातल्या प्लेटलेट्स तिच्यावर चिकटून गुठळी करू बघतात. हळूहळू वाहिनीचं आतलं अस्तर जाळीवर चढतं आणि धोका कमी होतो. औषधी स्टेंट वाहिनी पुन्हा अरुंद होऊ देत नाही. पण त्याच औषधामुळे अस्तर चढायलाही वेळ लागतो. सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत याच उशिरा होणाऱ्या गुठळीवरून जगभर खळबळ उडाली होती. आताचे स्टेंट पुष्कळ सुधारलेत, गुठळी क्वचितच होते. पण झाली तर थेट मोठा अटॅक, अनेकदा जीवघेणा. आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे गोळ्या मध्येच सोडणं.

म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, अशी जोडी असते. अटॅकनंतर ती साधारण वर्षभर चालते. पुढे बहुतेकांना एक गोळी कायमची. कुणाला किती दिवस, हे हार्टचे डॉक्टरच ठरवणार.

मी नानांना म्हटलं, ‘‘दाढ थांबेल, गोळी नाही.’’ मग हार्टच्या डॉक्टरांचं आणि डेंटिस्टचं फोनवर बोलणं घडवून आणलं. दाढ गोळ्या चालू ठेवूनच निघाली. रक्त जरा जास्त वेळ आलं, कापूस दाबून धरला, थांबलं. बस्स!

तुमचेही आई-बाबा गावी आणि तुम्ही इथे क्युबिकलमध्ये असाल, तर आज रात्रीच्या फोनवर ‘जेवलात का?’ नंतर एक प्रश्न वाढवा, ‘‘पाकिटात गोळ्या किती उरल्यात?’’ आणि छातीत दुखतंय म्हणाले, तर ‘गॅस असेल’ म्हणू नका. १०८ लावा.